संगणक नाही, म्हणून अडलंय?

डहाणू-तलासरी पट्ट्यात, सरावलीसारख्या गावात संगणक शिक्षणाचा विषय निघाला की बोलणं यंत्रांवरच अडतं. किती आली, किती बंद पडली, वीज किती वेळ असते. तक्रार खरीच आहे. पण तिच्या आडोशाला काही गैरसमज खुशाल नांदतात.

‘यंत्रच नाही, मग संगणकशास्त्र कसलं?’ माहिती कशी मांडायची आणि काम कोणत्या क्रमाने करायचं, हा या शास्त्राचा गाभा. तो यंत्राविनाही शिकवता येतो. न्यूझीलंडचे टिम बेल आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात ‘सीएस अनप्लग्ड’ या नावाने तसे खेळच रचले. पाच पुठ्ठे घ्या, त्यांवर १, २, ४, ८ आणि १६ चिकूच्या बिया चिकटवा. पुठ्ठा उताणा किंवा पालथा, एवढंच करायचं. १९ हवेत? १६, २, १ उताणे, बाकीचे पालथे. शून्यापासून ३१पर्यंत प्रत्येक संख्या अशी दाखवता येते. संगणकही आकडे याच रीतीने लिहितो. किंवा दोघांना पाठीला पाठ लावून बसवा. एकाने वारली चित्रातला तारपा वाजवणारा माणूस शब्दांत सांगायचा, दुसऱ्याने ऐकून काढायचा. ‘दोन त्रिकोण काढ’ म्हटलं तर ते शेजारी-शेजारी बसतात, माणूस काही होत नाही. ‘टोकाला टोक लाव’ हेही सांगावं लागतं. सूचनेतली अशी खोट शोधणं म्हणजे प्रोग्रॅमिंगचं निम्मं काम. एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेचा ‘सीएसपाठशाला’ हा उपक्रमही अशा कृतींवर भर देतो.

‘आधी इंग्रजी, मग कोडिंग.’ पायथन भाषेत राखीव शब्द जेमतेम ३५. चलाचं नाव ‘वय’ असं देवनागरीत लिहिलं तरी पायथन ३ मुकाट्याने चालतं. घरी वारली बोलणाऱ्या पोराला तर प्रमाण मराठीही शिकावीच लागते; त्यावर इंग्रजीची अट कशाला?

‘मुलींचा कल नसतो.’ १९४६ साली जगासमोर आलेल्या एनियाक संगणकाच्या पहिल्या सहा प्रोग्रॅमर स्त्रियाच होत्या. अमेरिकेच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकशास्त्राला प्रवेश घेणाऱ्या मुली १९९५मध्ये ७ टक्के होत्या, २००० साली ४२ टक्के झाल्या. पाच वर्षांत मुलींचा कल बदलला नव्हता. विद्यापीठाने प्रवेशासाठी आधीच्या कोडिंग-अनुभवाला दिलेलं वजन कमी केलं होतं.

अंध मुलांसाठी पडदा वाचून दाखवणारं एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ‘जमणार नाही’ म्हणण्याआधी ते एकदा बसवून पाहावं.

मला सर्वांत खोटा वाटतो तो समज हा: ‘लॅब सगळ्यांना खुली आहे, यायचं ते येतील.’ डहाणू तालुक्यातच, बोर्डी-कोसबाड भागात, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुलं येत नाहीत म्हणून बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. आज लॅबमध्ये माऊस धरतो तो बहुधा घरी फोन हाताळलेला मुलगा. बाकीचे मागे उभं राहून बघतात. दर दहा मिनिटांनी माऊसवरचा हात बदलायचा, एवढा नियम करायला कुठल्याच अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.