नवजात बाळाची घरच्या घरी देखभाल

जन्मापासून २८ दिवसांपर्यंतच्या बाळाला नवजात म्हणतात. भारतात पाच वर्षांच्या आत दगावणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुले याच चार आठवड्यांत जातात. कारणे मोजकी आहेत: पूर्ण दिवस भरण्याआधीचा जन्म किंवा कमी वजन, जन्मताच श्वास न घेणे आणि जंतुसंसर्ग. यांतल्या बऱ्याच बाळांना वाचवता येते, पण त्यासाठी धोका वेळीच कुणाच्या तरी लक्षात यावा लागतो. एवढे लहान बाळ आजारी पडले तरी मोठ्याने रडत नाही. ते दूध ओढेनासे होते, गळून पडते, गार पडते. 'बाळ शांत झोपलंय' असे घरच्यांना वाटत असतानाच तास निघून जातात.

या प्रश्नाचे उत्तर गडचिरोलीत सापडले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९३पासून तिथल्या ३९ गावांत काम केले आणि शेजारची ४७ गावे तुलनेसाठी घेतली. पहिली दोन वर्षे केवळ नोंदी झाल्या. त्या काळात बहुतेक बाळंतपणे घरीच होत. १९९५-९६मध्ये बाळांचे घरोघरी निरीक्षण झाले, तेव्हा निम्म्याहून अधिक बाळांना उपचारांची गरज होती आणि मिळाले ते जेमतेम २.६ टक्क्यांना. मग गावातल्याच, पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या बायकांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार करण्यात आले. श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देणे, कमी वजनाच्या बाळाला ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे ही कामे त्या करू लागल्या. निरीक्षण सुरू झाल्यापासून तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आला. जंतुसंसर्ग झालेल्या शंभर बाळांमागे पूर्वी सुमारे १७ दगावत, उपचार सुरू झाल्यावर तीनही नाही. हे निष्कर्ष १९९९मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. इंजेक्शनची सुई जेमतेम पाचवी शिकलेल्या बाईच्या हाती देणे अनेक डॉक्टरांना धाडसाचे वाटत होते. त्या शंकेला या आकड्यांहून चांगले उत्तर नव्हते.

२०११मध्ये केंद्र सरकारने ही देखभाल देशभरातल्या आशा स्वयंसेविकांकडे, म्हणजेच आशाताईंकडे, सोपवली. बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी ठरल्या. घरी झाले असेल तर पहिल्या दिवसाची एक जादा. सगळ्या भेटी पूर्ण झाल्यावर २५० रुपये मोबदला ठरला, आणि तो या कामाच्या मानाने फारच थोडा आहे. २०१८पासून पुढे पंधराव्या महिन्यापर्यंतच्या आणखी पाच भेटी जोडल्या गेल्या.

भेटीत करायचे ते साधेच असते, पण ते नेमके व्हावे लागते. आशाताई आधी साबणाने हात धुते. बाळ शांत असताना दुपटे बाजूला करून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. ६० किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजते. थर्मामीटर बाळाच्या काखेत धरते. बाळाला झोळीत ठेवून काट्याला अडकवते आणि वजन लिहिते. पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरते, ते स्वाभाविक असते; मात्र दुसऱ्या आठवड्यातही चढले नाही तर दुधाकडे पाहावे लागते. म्हणून आई पाजत असताना ती शेजारी बसून बाळाने स्तन नीट तोंडात धरला आहे का ते पाहते. नाळेला काही लावायचे नाही, चीक टाकायचा नाही, मध चाटवायचा नाही, लगेच आंघोळ घालायची नाही, हे आजीला आणि सासूबाईंनाही पटवावे लागते. बाळंतिणीच्या खोलीत त्यांचा शब्द चालतो. बाळ २५०० ग्रॅमच्या आत असेल तर त्याला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवायला शिकवायचे.

खोलीत न शिरता, ओसरीवरच फॉर्म भरला तर त्या भेटीचा काहीच उपयोग नाही.

गडचिरोलीतले इंजेक्शन मात्र राष्ट्रीय कार्यक्रमात आशाताईच्या हाती आले नाही. २०१४च्या सूचनांनुसार, बाळाला दवाखान्यात नेणे शक्य नसेल किंवा घरचे तयार नसतील, तर ते नर्सताईने द्यायचे असते. एरवी धोक्याची खूण दिसताच बाळाला जिल्ह्याच्या नवजात कक्षात पोहोचवणे हाच मार्ग. सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाची ने-आण आणि उपचार जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहेत. जिथे पावसाळ्यात नाले भरून वाट बंद होते, अशा गावांत हे इंजेक्शन आशाताईकडेच असायला हवे.