शेरीफ : काउंटीचा रखवालदार

मुंबईच्या रहिवाशांस ‘शेरीफ’ हा शब्द परका नाहीं. इंग्रजी अमदानींत हें पद येथें आलें, त्यास ‘नगरपाल’ असें मराठी नांव मिळालें, आणि एखाद्या प्रतिष्ठित नागरिकास एक वर्षापुरता द्यावयाचा तो मान होऊन बसला. इंग्लंडांतील परगण्यांच्या शेरीफांचीहि आज बहुतांशीं हीच अवस्था आहे. परंतु अमेरिकेच्या ग्रामीण भागांत शेरीफ म्हणजे केवळ मानकरी नव्हे. तेथें त्याच्या कमरेस पिस्तूल असतें, बहुधा तुरुंगहि त्याच्याच ताब्यांत असतो, आणि विशेष हें कीं, त्याला त्या जागीं बसविणारे मतदार असतात. या लोकनियुक्त अधिकाराचें बरेंवाईट फळ काय, हें पाहण्यासारखें आहे.

‘शेरीफ’ हा शब्द दोन जुन्या इंग्रजी शब्दांचा बनलेला आहे. ‘शायर’ म्हणजे परगणा आणि ‘रीव्ह’ म्हणजे कारभारी. राजाचा वसूल गोळा करणें व शांतता राखणें हीं कामें १०६६ सालच्या नॉर्मन स्वारीपूर्वींपासून त्याच्याकडे होतीं. वसूल आणि दंडसत्ता एकाच हातीं आल्यावर जुलूम व्हावयाचाच. म्हणून १२१५ सालच्या ‘मॅग्ना कार्टा’ या सनदेंत, शेरीफानें कोणाचा घोडा वा गाडी मालकाच्या संमतीवांचून नेऊं नये, असें कलम घालावें लागलें. वेठीचा अनुभव घेतलेल्या देशास त्या कलमाचा अर्थ फोडून सांगावयास नको.

इंग्रज वसाहतवाल्यांनीं हें पद समुद्रापार नेलें. १६३४ सालीं व्हर्जिनियाचे आठ परगणे पाडण्यांत आले, तेव्हां त्यांबरोबर शेरीफहि आले. स्वातंत्र्यानंतर हळूहळू बहुतेक राज्यांनीं ही निवड लोकांच्या मतांवर सोपविली. आज अमेरिकेंत तीन हजारांहून अधिक काउंट्या, म्हणजे परगणे, आहेत. त्यांपैकीं बहुसंख्य ठिकाणीं शेरीफ निवडून येतो. त्याची मुदत सामान्यतः चार वर्षांची असते.

शहरांना स्वतःचें पोलीस खातें असतें. शहराच्या हद्दीबाहेरचीं शेतें, रानें व विखुरलेलीं वस्तीस्थानें मात्र शेरीफाकडे. त्याचें काम समजण्यास आपल्याकडील तीन अधिकारी एकत्र कल्पावे. गुन्ह्याचा तपास करणारा फौजदार तो. काउंटीचा तुरुंग चालविणारा जेलर तो. आणि कोर्टाचें समन्स बजावणारा, डिक्रीप्रमाणें जप्ती व लिलांव करणारा नाझरहि तोच. शिवाय कोणी डोंगरांत हरवला किंवा पुरांत सांपडला, तर शोधास निघणारी तुकडी पुष्कळ ठिकाणीं त्याचीच. हाताखालचे ‘डेप्युटी’ अपुरे पडल्यास गांवच्या धडधाकट माणसांस मदतीस बोलावण्याचा जुना हक्कहि त्यास आहे. अशा जमावास ‘पॉसी’ म्हणतात.

एवढी सत्ता एकवटली, म्हणजे मोह जवळच असतो. अलाबामा राज्यांत कैद्यांच्या जेवणासाठीं मिळालेल्या रकमेंतून उरेल तें शेरीफानें स्वतः ठेवावें, अशी चाल कायद्याच्या आधारें चालत आली होती. जितकें जेवण निकृष्ट, तितकी मिळकत अधिक! २००९ सालीं मॉर्गन काउंटीच्या शेरीफास याच प्रकरणीं संघराज्याच्या न्यायाधीशानें तुरुंगांत पाठविलें. २०१९ सालीं कायदा बदलून ही वाट बंद करण्यांत आली.

परंतु याहून मोठा प्रश्न असा, कीं शेरीफास निवडणारे ‘लोक’ म्हणजे कोण? त्याच राज्यांतील डॅलस काउंटी ही कापसाचा मुलूख. सेल्मा हें तिचें मुख्य गांव. निम्म्याहून अधिक वस्ती निग्रो लोकांची, तरी मतदारांच्या यादींत त्यांचीं नांवें नाममात्र. १९६५ सालीं नांवें नोंदविण्यासाठीं ते न्यायालयाच्या दारीं रांगा लावूं लागले, तेव्हां शेरीफ जिम क्लार्क याच्या माणसांनीं त्यांस मारहाण केली. गुरें हांकण्याच्या विजेच्या पराण्या शाळकरी मुलांवर चालविल्या. ७ मार्च १९६५ रोजीं सेल्माच्या पुलाजवळ सुमारें सहाशें निःशस्त्र मोर्चेकऱ्यांवर राज्याच्या पोलिसांबरोबर क्लार्कची घोडेस्वार पॉसीहि तुटून पडली. हा शेरीफ लोकनियुक्तच होता; पण ज्यांच्यावर लाठी पडली, त्यांस त्याला दूर करण्याचा उपाय नव्हता.

६ ऑगस्ट १९६५ रोजीं मताधिकाराचा कायदा झाला, आणि सरकारी अधिकाऱ्यांनीं सेल्मांत येऊन हजारों नांवें नोंदविलीं. पुढल्याच वर्षीं क्लार्कचा पराभव होऊन, त्याच्याहून सौम्य धोरणाचा विल्सन बेकर निवडून आला. बेकरहि गोराच होता. परंतु आतां त्यास सर्वांचीं मतें मागावीं लागलीं. त्याच निवडणुकींत शेजारच्या भागांतील मेकन काउंटीनें ल्यूशस अमर्सन या निग्रो गृहस्थास शेरीफ निवडलें. दक्षिणेंत असा प्रकार कित्येक पिढ्यांत घडला नव्हता.

शेरीफाचे अधिकार १९६४ सालीं होते, तेच १९६७ सालीं राहिले. फरक पडला तो मतदारांच्या यादींत. रखवालदार निवडण्याचा हक्क गांवांतील काहींनाच असला, तर तो त्यांचाच रखवालदार होतो. उरलेल्यांस त्याची धास्तीच वाटते. ज्या देशांत प्रत्येक प्रौढास मत आहे, तेथील नागरिकांनींहि आपलें नांव यादींत आहे कीं नाहीं, हें वेळेवर पाहून घ्यावें.