बीडमधल्या संस्थांनो, निधी शोधताय?

बीडमध्ये कामाला तोटा नाही: पाणी, ऊसतोड कुटुंबांची मुलं, शाळा. पैसा मात्र पुण्या-मुंबईत अडतो. कारण कायद्यातच आहे. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ठरावीक आकारापुढच्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर (सीएसआर) खर्चायचे, पण प्राधान्य आपल्या परिसराला. आपल्याकडे मोठे कारखाने किती? म्हणून नुसतं बड्या नावांच्या मागे धावू नका. सीएसआर पोर्टलवर कोणती कंपनी कुठे, कशावर खर्च करते ते दिसतं. मराठवाड्यात आधीच काम करणाऱ्या कंपन्या तिथून हुडका, अर्ज नंतर.

कागद आधी. धर्मादाय नोंदणी, १२ए, ८०जी, नीती आयोगाचा दर्पण क्रमांक आणि २०२१ पासून सीएसआर-१ नोंदणी क्रमांक. हा शेवटचा नसेल तर कंपनीचा सीएसआर पैसा थेट तुमच्या संस्थेला मिळत नाही. लेखापरीक्षण दरवर्षी करून ठेवा; ऐनवेळी सीए सापडत नाही, हे काय सांगायला हवं!

पाणलोटाचं काम असेल तर नाबार्डच्या जिल्हा विकास व्यवस्थापकांना भेटा. नोंदणीच नसलेल्या गावगटांनी अंबाजोगाई आठवावी: २०१६ च्या पहिल्या वॉटर कप या गावांच्या जलसंधारण स्पर्धेच्या तीन तालुक्यांत हा एक होता. तिथे भांडवल होतं श्रमदानाचं, आणि पहिलं बक्षीस ५० लाखांचं. अंबाजोगाईचीच 'मानवलोक' ही संस्था १९८२ पासून उभी आहे. नवख्यांनी तिथे एक चक्कर मारावीच.

आणि हो, अनुदान मिळवून देतो म्हणून आगाऊ टक्केवारी मागणारा भेटला, तर चहा पाजा आणि वाटेला लावा.