आवळ्याच्या अर्कातील प्रतिऑक्सिडीकारक घटकांचे क्रोमॅटोग्राफीद्वारे मापन

महाविद्यालयीन प्रकल्पांत औषधी वनस्पतींच्या अर्काची प्रतिऑक्सिडीकारक क्षमता तपासण्यासाठी डीपीपीएच चाचणी सर्रास वापरली जाते. या द्रव्याच्या जांभळ्या द्रावणात अर्क मिसळला की ते पिवळे पडू लागते. ५१७ नॅनोमीटरला प्रकाशाचे शोषण किती घटले, यावरून क्षमता काढतात. चाचणी सोपी व स्वस्त आहे. परंतु तिचा आकडा संपूर्ण अर्काचा असतो. त्याचे श्रेय कोणत्या संयुगाला द्यावे, हे ती सांगत नाही.

आवळ्याचे उदाहरण घेऊ. त्याच्या गुणांचे श्रेय बहुधा 'क' जीवनसत्त्वाला दिले जाते. परंतु फळात गॅलिक आम्ल, एलाजिक आम्ल व टॅनिन वर्गातील संयुगेही असतात आणि तीही डीपीपीएचचा रंग घालवतात. म्हणून घटक आधी वेगळे करून मग मोजावे लागतात. वनस्पतीतील रंगद्रव्ये अशी वेगळी करण्याची पद्धत मिखाईल त्स्वेत यांनी १९०३ मध्ये मांडली. आजची एचपीएलसी याच तत्त्वावर चालते.

या पद्धतीत गाळलेला अर्क सी-१८ स्तंभातून दाबाखाली सोडतात. किंचित आम्लयुक्त पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण गतिमान प्रावस्था म्हणून वापरता येते. स्तंभाला कमी चिकटणारी संयुगे आधी, अधिक चिकटणारी नंतर बाहेर पडतात. गॅलिक आम्लाचे शिखर २७० नॅनोमीटरच्या आसपास नोंदवतात. शुद्ध गॅलिक आम्लाच्या ज्ञात संहतींची शिखरे काढून क्षेत्रफळाचा आलेख तयार करतात व त्यावरून अर्कातील प्रमाण वाचतात.

समजा, १ ग्रॅम चूर्णाचा १०० मिलिलिटर अर्क केला, तो दहापट विरल केला आणि आलेखावरून २४ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर हे मूल्य आले. मग २४ × १० × १०० = २४,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅममागे २४ मिलिग्रॅम गॅलिक आम्ल झाले.

येथे दोन गोष्टींत फसगत होते. पहिली, शिखराची वेळ जुळली म्हणजे संयुग तेच, असे नव्हे. 'क' जीवनसत्त्व व म्युसिक आम्लाची गॅलेट संयुगे नेहमीच्या स्तंभातून एकाच वेळी बाहेर पडू शकतात, याकडे २००९ मधील संशोधनाने लक्ष वेधले. अशा वेळी 'क' जीवनसत्त्वाचा आकडा फुगतो. म्हणून शिखराचा वर्णपटही शुद्ध द्रव्याशी ताडून पाहावा. तसेच अर्कात शुद्ध द्रव्याची ज्ञात मात्रा मिसळून तेवढीच वाढ दिसते का, हे तपासावे. दुसरी, आम्ल घालून अर्क तापवला तर टॅनिनचे विघटन होऊन नवे गॅलिक आम्ल तयार होते. म्हणून आकड्यासोबत द्रावक, तापमान व वेळ नोंदवणे आवश्यक आहे. त्यांविना दोन प्रयोगशाळांच्या निष्कर्षांची तुलना निरर्थक ठरते.

एचपीएलसी उपकरण नसले तरी सिलिका जेलची पातळ थराची पट्टी पुरते. टोल्यूइन, इथाइल ॲसिटेट व फॉर्मिक आम्ल यांच्या मिश्रणात ती चढवावी, पूर्ण वाळवावी व तिच्यावर डीपीपीएच फवारावे. हे सर्व धूरकक्षातच करावे. जांभळ्या पार्श्वभूमीवर प्रतिऑक्सिडीकारक घटकांचे पिवळे ठिपके उमटतात. शेजारी गॅलिक आम्ल व 'क' जीवनसत्त्वाचे ठिपके ठेवले, तर एका अर्कात किती निरनिराळे घटक काम करतात, हे विद्यार्थी स्वतः पाहतो. मग 'क्षमता किती' या प्रश्नाबरोबरच 'ती कोणाची' हा प्रश्नही तो विचारू लागतो.