एक फेरी की चार?

गर्भाशयमुखाचा कर्करोग संथ पावलांनी येतो. मानवी पॅपिलोमा विषाणूचा संसर्ग चिवटपणे टिकून राहिल्यापासून प्रत्यक्ष अर्बुद होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षे जातात. एवढी मुदत देणाऱ्या शत्रूला वेळेवर गाठावे कसे, याची दोन उत्तरे महाराष्ट्राच्या भूमीवरच मिळाली, आणि ती प्रथमदर्शनी परस्परविरोधी भासतात.

टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांत जी चाचणी चालविली, तीत डॉक्टर नव्हे, तर दहावीपर्यंत शिकलेल्या आणि काही आठवडे तालीम दिलेल्या स्त्रिया शिरक्यातल्याच आम्लाचा ४ टक्क्यांचा द्राव गर्भाशयमुखास लावीत, मिनिटभर थांबत आणि दिव्याच्या झोतात पाहत: निरोगी आवरण गुलाबी राही, संशयास्पद जागा पांढरीफटक पडे. दर दोन वर्षांनी एक अशा चार फेऱ्या झाल्या. १२ वर्षांच्या हिशेबात या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात मात्र सुमारे १,३१,००० ग्रामीण स्त्रियांच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले, हाच द्राव एकदाच वापरला असता मृत्यूंत म्हणण्यासारखी घट दिसली नाही. पेशी काचपट्टीवर घेऊन तपासण्याची प्रतिष्ठित पद्धतही तशीच फिकी पडली. ज्या गटात विषाणूचाच शोध घेतला, तेथे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले, आणि तेही एकाच तपासणीनंतर. माणसाच्या नजरेतून आज सुटलेला डाग दोन वर्षांनी पुन्हा पाहिल्यास सापडतो, विषाणू मात्र डाग पडण्यापूर्वीच हाती लागतो, हे ध्यानी घेतले की विरोध मावळतो. बाई पुन्हा येईल याची शाश्वती नसलेल्या मुलुखात, माझ्या मते, विषाणूचीच तपासणी करावी. ती महाग पडते ही सबब चार फेऱ्यांचा खर्च मांडल्यावर लंगडी ठरते.

उपचारही जागच्या जागी राहिलेले नाहीत. स्थानिक पातळीवर पसरलेल्या रोगात किरणोपचारापूर्वी सहा आठवडे केमोथेरपी दिल्यास पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ७२ वरून ८० टक्क्यांवर जाते, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरलेस चाचणीने दाखविले. या विषाणूवरील पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची देशी लसही २०२३ पासून उपलब्ध आहे. पण आज चाळिशीत असलेल्या स्त्रीला तिचा फारसा उपयोग नाही. तिच्यासाठी तपासणीच हवी, आणि दोष आढळताच त्याच आरोग्यकेंद्रात तो भाग गोठवून नष्ट करण्याची सोयही हवी; नाही तर जिल्ह्याच्या गावाची चिठ्ठी घेऊन ती घरी जाते आणि पेरणी, लग्नसराई, सासऱ्यांचे आजारपण यांत ती चिठ्ठी तशीच पडून राहते.