मार्गशीर्षातील वाचनव्रत

मासांमध्ये मार्गशीर्ष ही भगवंतांची विभूती, असे गीतेचा दहावा अध्याय सांगतो. याच मासात शुद्ध एकादशीस गीताजयंती व पौर्णिमेस दत्तजयंती येते. घरोघरी गुरुचरित्राची पारायणे होतात. नागपुरात नंदनवनातील शालेय ग्रंथालयांनीही हे पर्व आपले मानावे, असे आम्हांस वाटते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजी दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते टिपून घेत. त्यातूनच ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ सिद्ध झाला. गुरुजींची जयंतीही या थंडीतलीच, २४ डिसेंबरची. ऐकणारा लाभला, म्हणून वाणी टिकली. तेव्हा सांजवात लागल्यावर मुलांनी शाळेतून आणलेले पुस्तक मोठ्याने वाचावे आणि आपण वडीलधाऱ्यांनी ते ऐकावे. संक्रांतीच्या तिळगुळापर्यंत एवढे व्रत आपण पाळू या.