आकड्यांना तोंड देणारे शब्द

आकडे खोटे बोलत नाहीत, असे आपण म्हणतो. पण आकड्यांना तोंड नसते. त्यांच्या वतीने शब्दच बोलतात. इंग्रजीत लिहिताना तर आपण व्याकरणाला इतके जपतो, की अर्थाकडे बघायचे राहून जाते.

माझ्या भाचीने कॉलेजसाठी घरकामावर इंग्रजीत टिपण लिहिले आणि ते माझ्याकडे वाचायला दिले. आकडे केंद्र सरकारच्या २०१९ सालच्या वेळ-वापर पाहणीतले. ‘घरच्या बिनपगारी कामाला भारतीय पुरुष रोज सरासरी ९७ मिनिटे देतो, स्त्री २९९ मिनिटे,’ अशा अर्थाचे वाक्य. इंग्रजी निर्दोष! फक्त मूळ तक्त्यातले दोन शब्द गळले होते : ‘पर पार्टिसिपंट’. म्हणजे त्या दिवशी ज्यांनी असे काम केले, तेवढ्यांचीच ही सरासरी. असे पुरुष होते शेकडा २६.१ आणि स्त्रिया ८१.२. ज्यांनी कामाला हातच लावला नाही, त्यांची शून्ये धरली, की पुरुषांची ९७ मिनिटे २५ वर येतात. स्त्रियांची २९९ मिनिटे २४३ वर. तिपटीचा फरक साडेनऊ पटींच्या पुढे गेला, तो या दोन शब्दांपायी!

क्रियापदाचेही तसेच. या पाहणीत लोकांना आदल्या दिवसाचा हिशेब विचारला होता. घड्याळ घेऊन कोणी स्वयंपाकघरात उभे नव्हते. तेव्हा ‘स्पेंट’पेक्षा ‘रिपोर्टेड’ प्रामाणिक. ‘मोस्ट’ हा शब्द एक्कावन्न टक्क्यांनाही चालतो आणि पंच्याण्णवलाही. त्यापेक्षा आकडाच द्यावा. ‘सिग्निफिकंट’ संख्याशास्त्रात म्हणजे ‘मोठा’ किंवा ‘महत्त्वाचा’ नव्हे; केवळ योगायोगाने इतका फरक दिसणे अवघड, एवढाच त्याचा अर्थ.

हा शब्दच्छल नव्हे. २०११ च्या जनगणनेत केवळ घरकाम करणारी बाई ‘नॉन-वर्कर’ या रकान्यात गेली. पहाटे उठून पाणी भरणारी, डबे करणारी, सासऱ्यांची औषधे सांभाळणारी बाई ‘काम न करणारी’! रकान्याची व्याख्या न सांगता तो शब्द उचलला, तर वाचणारा तेच खरे मानतो.

म्हणून मुलांच्या इंग्रजी अहवालात स्पेलिंग बघण्याआधी तीन प्रश्न विचारावेत : हा आकडा कोणाचा? कितीजणांपैकी? मोजलेला की सांगितलेला? उत्तरे वाक्यात सापडली, तर इंग्रजी साधे असले तरी चालेल. नाही सापडली, तर घरात दिवसभर राबणाऱ्या कोणाचे तरी श्रम त्या वाक्यातून गळलेले असतील.